वापरलेली किट स्पोर्ट्स कार: आधी कागद, मग अर्थिंग, मग नळ्या, इंजिन सगळ्यात शेवटी

विकणारा गाडी ठरलेल्या क्रमाने दाखवतो. आधी रंग, मग सायलेन्सरचा आवाज, मग बॉनेट उघडून चकाचक इंजिन. कागदांचा विषय निघाला की ‘ते एजंटकडे आहेत, बघू’. तपासणी याच्या बरोबर उलट्या क्रमाने करायची. या गाड्यांमध्ये इंजिन हा सगळ्यात सहज बदलता येणारा भाग असतो. ते मुळात दुसऱ्या कुठल्या तरी गाडीसाठी बनलेलं असतं आणि तसं आणखी एक शोधून मिळतं. पण चेसिसच्या नळ्या आतून सडलेल्या असल्या किंवा आरसीवर भलतीच गाडी निघाली, तर त्याचा सुटा भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मिळत नाही.

इथे किट कार म्हणताना फायबरच्या किंवा ॲल्युमिनियम पत्र्याच्या बॉडीची, आत लोखंडी नळ्यांची चेसिस असलेली, इंजिन एका गाडीचं आणि ब्रेक दुसऱ्याच गाडीचे अशी ठेंगणी दोन सीटर डोळ्यांसमोर आहे. या जातीचा मूळ नमुना १९५७ साली आलेली लोटस सेव्हन. आपल्याकडे याच घाटाची, पण कारखान्यात बनलेली गाडी म्हणजे अलिबागच्या चिंकारा मोटर्सची रोडस्टर. तिच्यात इसुझूचं १.८ लिटरचं इंजिन आहे. गोव्यात बनलेल्या सॅन स्टॉर्मची बॉडीही फायबरची आणि इंजिन रेनॉचं, ११४९ सीसी. या दोन्ही कारखान्याच्या गाड्या असल्याने आरसीवर त्यांचं स्वतःचं नाव असायला हवं. उरलेल्या म्हणजे कुणाच्या तरी गॅरेजमध्ये बांधलेल्या किंवा बाहेरून सुट्या भागांत आणून जोडलेल्या. त्यांच्याबाबतीत खालची प्रत्येक तपासणी दुप्पट सावधपणे करा.

लक्षणं

- इंडिकेटर लावला की मागचा दिवाही त्याच तालात मिणमिणतो, किंवा ब्रेक दाबला की इंडिकेटर मंदावतो.
- हेडलाइट लावताच पेट्रोलचा काटा सरकतो. रेडिएटरचा पंखा सुरू होताच तापमानाचा काटा टुणकन उडतो.
- बॅटरी नवी, तरी सेल्फ जडपणे फिरतो.
- सेल्फ दोन-तीनदा मारल्यावर ॲक्सिलरेटरची किंवा क्लचची केबल हाताला गरम लागते.
- सिग्नलला तापते, हायवेवर थंड राहते.
- बॉनेटच्या फटी दोन बाजूंना वेगळ्या, पुढचं एक चाक मडगार्डला जास्त जवळ.
- ब्रेक दाबला की एका बाजूला ओढते.
- रात्रभर उभी राहिली की सकाळी पेट्रोलचा वास.
- फायबरवर बिजागरीच्या किंवा सस्पेन्शनच्या आसपास समांतर बारीक तडे.
- गालिचा दमट, सीटखाली गाळाची पुसट रेघ.

पहिली चार लक्षणं एकाच रोगाची आहेत: कच्चं अर्थिंग, म्हणजे विजेची बॅटरीकडे परतायची वाट कमजोर. दिसायला भयंकर, दुरुस्ती एका दिवसाची. फटी, तडे आणि ओढणं ही त्रयी एकत्र दिसली तर मामला चेसिसचा असू शकतो. तो दिसायला किरकोळ आणि निस्तरायला सगळ्यात महाग. नवखा खरेदीदार नेमका उलटा घाबरतो: लुकलुकणाऱ्या दिव्यांमुळे चांगली गाडी सोडतो आणि फटींकडे ‘हाताने बनवलेली आहे, इतकं चालायचंच’ म्हणून काणाडोळा करतो.

घरबसल्या: आरसी, विमा, चेसिस नंबर (खर्च शून्य)

गाडी बघायला जाण्याआधी आरसीच्या दोन्ही बाजूंचा फोटो मागवा आणि एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून पडताळा. मालकाचं नाव, बनवणाऱ्याचं नाव, मॉडेल, बॉडीचा प्रकार, सीसी, आसनक्षमता, उत्पादनाचा महिना आणि वर्ष, आणि कर्जाचा बोजा अजून चढलेला आहे का, हे बघा. आरसीवर एखादी जीप किंवा जुनी चार दारांची गाडी आणि समोर उभी फायबरची दोन सीटर, असं असेल तर गाडी बघायलाही जाऊ नका. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ सांगतं की आरसीवरची माहिती आणि बनवणाऱ्याने मुळात ठरवलेली गाडी यांत तफावत पडेल असा बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हे पुन्हा स्पष्ट केलं. रंग बदलणं वेगळं, चेसिस-बॉडी बदलणं वेगळं. ‘आरटीओत करून घेऊ’ हे वाक्य ऐकलं तर इतकंच विचारा: इतकं सोपं होतं, तर तुम्हीच का करून घेतलं नाही?

इंजिन बदललं असेल तर आरसीवर नव्या इंजिनाच्या नंबरची नोंद हवी. ती नसेल तर हस्तांतरण अडकतं आणि अपघात झालाच तर विमा कंपनीला बोट ठेवायला जागा मिळते.

विम्याच्या मागच्या तीन वर्षांच्या पॉलिसी मागा. तिन्ही फक्त थर्ड पार्टीच्या असतील तर कारण विचारा. कधी मालक खरंच कंजूष असतो. कधी एकही कंपनी गाडीच्या नुकसानीचा विमा द्यायला तयार नसते, आणि ती अडचण गाडीबरोबर तुमच्याकडे येते. १५ वर्षं पूर्ण झालेल्या गाडीची नोंदणी दर ५ वर्षांनी वाढवून घ्यावी लागते, पर्यावरण कर भरावा लागतो आणि आरटीओत गाडी प्रत्यक्ष दाखवावी लागते. तिथला निरीक्षक आरसी आणि गाडी शेजारी शेजारी ठेवून बघतो. नूतनीकरण एकदा रीतसर झालेलं असेल तर कागद खरे असल्याची ती बऱ्यापैकी खूण.

गाडीपाशी पोचलात की पहिलं काम चेसिस नंबर शोधण्याचं. तो नळीवर किंवा जाड पट्टीवर ठोकलेला हवा. नुसती रिव्हेटने बसवलेली पाटी म्हणजे पुरावा नव्हे. पाटी काढून दुसऱ्या गाडीवर लावता येते. आरटीओच्या फॉर्मवर चिकटवतात तशी पेन्सिल प्रिंट घ्या. पातळ कागद नंबरावर ठेवून पेन्सिल आडवी घासली की डोळ्यांना न दिसणाऱ्या गोष्टी उमटतात: ग्राइंडरच्या रेघा, आधीच्या आकड्याचं भूत, भोवती वेल्डिंगची कड. यातलं काही उमटलं तर वाद घालू नका, किंमत पाडू नका. वेळ झाला म्हणा आणि निघा.

टॉर्च, आरसा आणि गुडघे (वीस मिनिटं)

लोखंडी पत्र्याच्या गाडीत ठोकर लागली की पोचा राहतो. फायबर तसं वागत नाही. ते दबतं, परत उसळतं आणि जागेवर येऊन बसतं, किंवा फुटतं आणि साच्यातून नवं काढून बसवतात. दोन्ही वेळा बाहेरून काही कळत नाही. ठोकर मात्र मागच्या नळीपर्यंत पोचलेली असते. म्हणून फायबर मागून बघायचं. चाकाच्या कमानीत, डॅशबोर्डखाली, डिकीत टॉर्च आणि छोटा आरसा घालून आतली खडबडीत बाजू बघा. मूळ फायबर एकसारखं दिसतं. दुरुस्तीची पट्टी वेगळ्या रंगाची, उंचवटा असलेली असते. जिथे फायबर चुरडलं गेलंय तिथे पांढुरके डाग दिसतात.

वरच्या जेलकोटवरचे, म्हणजे फायबरच्या बाहेरच्या गुळगुळीत थरावरचे, तडे वाचायला शिका. एका बिंदूतून ताऱ्यासारखे फुटलेले तडे म्हणजे दगड किंवा कुणाचं कोपर, किरकोळ. एकमेकांना समांतर तडे म्हणजे तो भाग रोज थोडा थोडा वाकतोय, म्हणजे खालचा आधार हलतोय. अशा जागा खडूने खूण करून ठेवा, रॅम्पवर नेमकं त्यांच्या मागे बघायचंय. रंगाच्या खाली लांबी (पुट्टी) जाड भरलेली असेल तर बोटाच्या टकटकीला तिथे आवाज बसका येतो. फायबरची दुरुस्ती मुंबईत अवघड नाही. होड्यांचं आणि ट्रकच्या केबिनचं काम करणारे कारागीर ती नीट करतात. म्हणून फायबर हे गाडी नाकारायचं कारण सहसा नसतं, ते पुढच्या तपासाचा नकाशा असतं.

पाणी. या गाड्यांची फरशी जमिनीपासून वीतभर वर. हिंदमाता, मिलन सबवे, किंग्ज सर्कल इथे घोट्याच्या वर पाणी चढलं की ते सीटखाली पोचतं. दुसऱ्या गाडीला जे फक्त चाकं भिजवणारं पाणी, ते हिच्यासाठी पूर. गालिचा उचला, सीटच्या पट्ट्यांचे बोल्ट बघा, आणि खालच्या नळ्यांना पाणी निघायला ठेवलेली भोकं शोधा. भोकात तार घालून फिरवा. कोरडी गंजाची पूड आली तर ठीक, ओला तपकिरी गाळ आला तर नळी आतून वर्षानुवर्षं भिजतेय.

सीटबेल्टचे बोल्ट नुसत्या फायबरमध्ये वॉशर लावून कसलेले दिसले तर गाडी चालवून बघू नका. बेल्टचा बोल्ट, बहुतेक ठिकाणी सात सोळांश इंची, नळीला वेल्ड केलेल्या जाड पट्टीत जायला हवा. फायबरमधला बोल्ट धक्क्याने भोकासकट उपटून येतो. टायर बाहेरून कितीही काळेभोर असोत, बाजूवरचे शेवटचे चार आकडे बघा: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. फार न चाललेल्या गाडीचे टायर झिजत नाहीत, कडक होतात. सहा वर्षांच्या वरचे टायर बदलायचेच, तो खर्च किमतीतून वजा.

आता ई२०, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं. जुन्या रबरी नळ्या त्याला टिकत नाहीत. फुगतात, मग तडकतात. टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची नळी दोन बोटांत वाकवून बघा. तडे दिसले, किंवा चिकट ओल लागली, तर गाडी सुरू करू नका. पॉलिएस्टर फायबर पेटलं की विझवणं कठीण असतं.

मल्टिमीटर: अर्थिंगची तपासणी (चार-पाचशे रुपये)

लॅमिंग्टन रोडवर साधा डिजिटल मल्टिमीटर एवढ्यात येतो. सोबत लोहार चाळीतून तीन-चार मीटर वायर आणि दोन मगरी क्लिप घ्या, कारण मीटरच्या वायरी बॅटरीपासून मागच्या दिव्यापर्यंत पोचत नाहीत.

पत्र्याच्या गाडीत प्रत्येक दिव्याचा परतीचा रस्ता म्हणजे बॉडी. फायबरमधून वीज जात नाही, म्हणून इथे प्रत्येक दिव्याला, पंख्याला, हॉर्नला स्वतःची परतीची काळी वायर लागते. बांधणारा कंटाळतो आणि चार वायरी एका बोल्टखाली कोंबतो. तो बोल्ट पावडर कोटिंगवर कसलेला असतो. वर मुंबईची खारी हवा. दोन पावसाळ्यांत थिंबल (वायरीच्या टोकाची धातूची कडी) हिरवी पडते आणि वीज दुसरी वाट शोधते: शेजारच्या दिव्यातून, काट्यातून. इंजिनाचं अर्थिंग गेलं तर सेल्फचा प्रवाह ॲक्सिलरेटरच्या केबलमधून परततो, म्हणून ती तापते.

मीटर ओहमवर ठेवून तपासू नका. शंभर तारांतली एकच तार शिल्लक असली तरी ओहमवर वायर ‘चांगली’ दिसते. सेल्फ १५० अँपिअर ओढत असेल तर जोडातला फक्त ०.०५ ओहमचा अडथळा ७.५ व्होल्ट खातो, आणि ०.०५ ओहम स्वस्त मीटरला दिसतच नाही. म्हणून भार चालू ठेवून व्होल्ट मोजायचे. मीटर २० व्होल्ट डीसीवर. काळी वायर बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, थिंबलवर नाही. खांब आणि थिंबल यांच्यातला जोडही तपासायचाय.

गाडी रात्रभर उभी असेल तर बॅटरी साधारण १२.६ दाखवते. सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.४. हे झालं की लाल वायर इंजिनाच्या उघड्या धातूला लावा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. ०.३ पर्यंत उत्तम, ०.५ च्या वर म्हणजे इंजिनाची अर्थिंग पट्टी गेली. मग लाल वायर चेसिसच्या खरवडलेल्या जागी, हेडलाइट आणि पंखा चालू: ०.१ च्या आत हवं. शेवटी प्रत्येक दिव्याच्या काळ्या वायरीच्या टोकाला, तो दिवा पेटलेला ठेवून: ०.२ च्या आत. जिथे आकडा चढला तिथे वायरीच्या जादा तुकड्याने ते टोक थेट बॅटरी निगेटिव्हला जोडून बघा. दिवा एकदम उजळला की निदान पक्कं.

उपाय महाग नाही. बॅटरी ते चेसिस आणि इंजिन ते चेसिस अशा दोन जाड विणलेल्या पट्ट्या, २५ चौरस मिलिमीटरच्या. पुढे एक आणि मागे एक पितळी पट्टी, दिव्यांच्या सगळ्या काळ्या वायरी त्यांच्यावर, आणि त्या दोन पट्ट्यांपासून बॅटरीपर्यंत स्वतंत्र जाड वायर. बोल्टखालचं कोटिंग पॉलिश पेपरने चकाकेपर्यंत काढायचं, दातेरी वॉशर घालायचा, कसल्यावर वरून व्हॅसलीन. आधी कसायचं, मग व्हॅसलीन. बरेच जण उलट करतात.

दोन गोष्टी मात्र स्वतः करायच्या नाहीत. वायरिंगचं आवरण वितळून वायरी एकमेकींना चिकटल्या असतील तर पूर्ण हार्नेस बदलावा लागतो. ते काम अनुभवी ऑटो इलेक्ट्रिशियनचं. आणि बॅटरी सीटच्या मागे असेल तर पॉझिटिव्हची जाड केबल मधल्या बोगद्यातून पुढे येते. ती कुठे नळीच्या कडेवर घासतेय का आणि बॅटरीजवळ मुख्य फ्यूज आहे का ते बघा. फ्यूज नसेल आणि आवरण घासलेलं असेल तर निगेटिव्ह काढा आणि पुढची तपासणी तिथेच थांबवा.

सहसा कुणी बघत नाही ती जागा: पेट्रोल भरायचं तोंड. फायबरमध्ये बसवलेलं धातूचं तोंड चेसिसला वायरीने जोडलेलं नसेल तर पंपाच्या नोझलची ठिणगी पडू शकते. हातभर वायर आणि दोन थिंबल.

ओळंबा, खडू, मेजरटेप (शंभर-दोनशे रुपये)

गवंड्याचा ओळंबा यासाठी सगळ्यात भरवशाचा. गाडी सपाट जागी सरळ चाकांनी उभी करा, टायरची हवा सारखी करून घ्या. पुढच्या लोअर आर्मचा (चाक धरणाऱ्या खालच्या दांड्याचा) चेसिसकडचा बोल्ट दोन्ही बाजूंचा, आणि मागच्या सस्पेन्शनचा तसाच बोल्ट दोन्ही बाजूंचा. या चार बिंदूंवरून ओळंबा सोडून जमिनीवर खडूने फुल्या करा. गाडी पुढे ढकला आणि फुल्यांचे दोन्ही कर्ण मोजा.

कर्णांतला फरक ३ मिलिमीटरपर्यंत असेल तर बांधणाऱ्याच्या हाताला सलाम. ६ पर्यंत घरी बांधलेल्या गाडीत चालून जातं. १० च्या वर गेला तर चेसिस एक तर तिरकी वेल्ड झालीय किंवा ठोकर खाऊन सरकलीय, आणि दोन्हींत अलाइनमेंट करून भागत नाही. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतरही डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळं मोजून ताडून बघा. विकणारा हसेल, हसू द्या. एवढी अर्ध्या तासाची मोजणी सगळ्यात जास्त पैसे वाचवते, आणि एकदा समजली की कुठल्याही नळीच्या चेसिसवर लागू पडते.

उभ्याने चालू इंजिन, मग रस्ता

इंजिन थंड असतानाच पोचा. विकणाऱ्याने आधीच गरम करून ठेवलं असेल तर ते थंड होईपर्यंत चहा घ्या. सुरू केल्यावर वीस मिनिटं जागेवर चालू ठेवा, भर दुपारी. पंखा साधारण ९० ते ९५ अंशांना सुरू व्हावा, काटा उतरावा, पंखा बंद व्हावा. असं तीन वेळा झालं तर कूलिंग नीट आहे. काटा उतरत नसेल तर आधी पंख्याच्या टोकांवरचे व्होल्ट मोजा. पंख्याला साडेबाराऐवजी दहाच मिळत असतील तर रोग पुन्हा अर्थिंगचाच. व्होल्ट ठीक असतील तर कुलंटमधली हवा बघा. ठेंगण्या नाकाच्या गाडीत रेडिएटर इंजिनापेक्षा खाली असतो, हवा इंजिनाच्या डोक्यात अडकते. ती काढायला नाक उंच करून भागत नाही, इंजिनाच्या डोक्याहून उंच बसवलेली भरण-टाकी लागते. तिसरं कारण रेडिएटरच्या कडेच्या फटी: हवा जाळीतून जाण्याऐवजी बाजूने निसटते. रबराच्या पट्टीचं काम.

ब्रेकचा पेडल जड लागला तर घाबरू नका, अशा गाड्यांत बहुधा बूस्टर नसतोच. पेडल जोराने एक मिनिट दाबून धरा. हळूहळू खाली बसला तर मास्टर सिलिंडर गेला किंवा कुठे तरी गळती आहे. मास्टर सिलिंडरमधून ऑइलचा एकच मार्ग चारही चाकांना जात असेल, दोन स्वतंत्र मार्ग नसतील, तर एक नळी फुटताच चारही ब्रेक जातात. अशी गाडी दुरुस्त होईपर्यंत रस्त्यावर नेऊ नका. स्टिअरिंगच्या कडेला बोटभराहून जास्त खेळ असेल तर खांबाचे जॉइंट आणि त्यांचे कसण्याचे बोल्ट बघा.

रस्त्यावर न्यायला पीयूसी आणि विमा चालू हवेत. थोडा गुळगुळीत रस्ता, ईस्टर्न फ्रीवेसारखा, वेगमर्यादेत: हात सैल सोडल्यावर कुठे जाते ते कळतं. मग पेव्हर ब्लॉकचा एखादा तुकडा: सैल बुश आणि बॉल जॉइंट तिथेच बोलतात. मोकळ्या जागी ओल्या रस्त्यावर मागची चाकं आधी लॉक होत असतील तर गाडी गर्रकन फिरेल. जड गाडीचे मागचे ड्रम हलक्या किट कारला लावल्याने हे होतं. हे स्वतः जुळवायचं काम नाही, ब्रेक टेस्टर असलेल्या ठिकाणी न्या. परतताना तुमच्या इमारतीच्या पार्किंगचा रॅम्प चढवून बघा. गाडीत बाकी सगळं उत्तम निघालं आणि पोट रॅम्पवर टेकलं, असं होतं.

रॅम्पवर: नळ्या आणि वेल्डिंग (अर्ध्या दिवसाचं भाडं)

ओळखीच्या गॅरेजचा रॅम्प भाड्याने घ्या, विकणाऱ्याच्या गॅरेजचा नको. या चेसिसच्या नळ्या सहसा २५ मिलिमीटर चौकोनी, भिंत जेमतेम दीड मिलिमीटर. गंजाला आतून खायला फार वेळ लागत नाही.

स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने प्रत्येक खालची नळी वीत-वीत अंतरावर ठोकत चला. चांगली नळी वाजते, सडलेली बसक्या आवाजात बोलते. संशय आला तिथे टोच्याने दाबा. पावडर कोटिंग वरून अखंड दिसतं आणि खाली गंज पसरलेला असतो; अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर पापुद्रा सुटतो. ॲल्युमिनियमचे पत्रे जिथे थेट लोखंडी नळीला रिव्हेट केलेत तिथे पांढरी पूड शोधा. दोन धातू आणि मधे खारट ओल, म्हणजे ॲल्युमिनियम झिजणार. मधे सीलंटचा थर असेल तर बांधणाऱ्याला समुद्र माहीत होता असं समजा.

मग सस्पेन्शनचे ब्रॅकेट, जिथे ते नळीला वेल्ड झालेत ती कड. तडा बहुधा वेल्डच्या मधे नाही, कडेला सुरू होतो. रंगावर केसाएवढी गंजाची रेघ दिसली तर तो तडा आहे असं धरूनच चला. खात्रीसाठी वेल्डिंग साहित्याच्या दुकानात तीन डब्यांचा संच मिळतो: साफ करायचा, लाल आणि पांढरा. जागा धातूपर्यंत साफ करा, लाल मारा, दहा मिनिटं थांबा, कापडाने पुसा, पांढरा मारा. तडा असेल तिथे लाल रेघ उमटते. ग्राइंडरने घासून गुळगुळीत केलेलं वेल्ड देखणं असतं आणि त्यातून ताकदीचा भाग निघून गेलेला असतो. सस्पेन्शनपाशी असं ‘सुंदर’ वेल्ड दिसलं तर तिथे लाल-पांढरं नक्की करा. खडूने खूण केलेल्या समांतर तड्यांच्या मागेही.

चेसिसचं वेल्डिंग स्वतः करू नका आणि गेट-ग्रिल बनवणाऱ्याकडूनही करून घेऊ नका. पातळ नळीला जास्त उष्णता लागली की ती ताणली जाते आणि कर्ण बिघडतात. त्यासाठी चौकटीत बांधून टिग वेल्डिंग करणारा हवा. एखादं ब्रॅकेट असेल तर त्याच्याकडून अंदाज घ्या आणि किमतीतून कापा. पुढच्या खालच्या नळ्या आणि ब्रॅकेट दोन्ही गेले असतील तर बॉडी उतरवावी लागते, तिथे सौदा सोडा. पेट्रोलच्या टाकीला, रिकामी असली तरी, वेल्डिंगची ठिणगी लागू देऊ नका. आत उरलेली वाफ पुरेशी असते.

इंजिन

इथवर गाडी टिकली असेल तरच. चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या, ॲक्सिलरेटर पूर्ण उघडा ठेवून. सगळ्यात जास्त आणि सगळ्यात कमी यांत दहा टक्क्यांच्या आत फरक ठीक. ऑइलच्या झाकणाखाली ताकासारखा फेस असेल आणि कुलंटही कमी होत असेल तर हेड गॅसकेट. इंजिन मुळात कुठल्या गाडीचं आहे ते लिहून घ्या. गिअरबॉक्स, ब्रेक, स्टिअरिंग रॅक, बेअरिंग यांचंही. ‘कुठलं माहीत नाही’ असं उत्तर आलं तर तो भाग खराब झाल्यावर तुम्हीही तेच उत्तर देत बसाल.

सौदा ठरला तर टोकन बँकेतून द्या. मालकी हस्तांतरणाच्या फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३० वर सह्या त्याच दिवशी, आरसीवर कर्जाचा बोजा असेल तर बँकेच्या शिक्क्याचा फॉर्म ३५. राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. परराज्यातली गाडी असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी हातात पडेपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नका. ॲपवर तुमचं नाव दिसेपर्यंत गाडी विकणाऱ्याच्याच पार्किंगमध्ये राहू द्या, बॅटरीचं निगेटिव्ह काढून.